ओव्हन एकदा तापतो, मग तापतच नाही : बोर्ड खरंच गेलाय का?

लोणीपाव

नमस्कार मंडळी. मी नाशिकला इंदिरानगरमध्ये राहते, घरून केक आणि ब्रेडच्या ऑर्डरी घेते. ओट्याखाली बसवलेला बिल्ट-इन ओव्हन आहे, वॉरंटी कधीच संपलेली. डावीकडे फंक्शनचा गोल नॉब (वरची कॉइल, खालची कॉइल, पंखा-कॉइल वगैरे), मधे हिरव्या आकड्यांचा डिस्प्ले आणि त्याखाली टेम्परेचर-टायमरची दाबायची बटणं.

तक्रार अशी की १८० ला लावला की प्रीहीट छान होतो, टुंग वाजतं, मी केक आत ठेवते. थोड्या वेळाने बघावं तर केक मधे बसलेला आणि दाराची काच कोमट. आतला पंखा फिरतोय, दिवा चालू, डिस्प्लेवर १८० आणि शेजारी थर्मामीटरचं चिन्ह लुकलुकतंय, म्हणजे "मी तापवतोय" असं त्याचं म्हणणं. आत थर्मामीटर ठेवून बघितलं तर १२० सुद्धा नाही! बंद करून तासाभराने लावला की पुन्हा शहाण्यासारखा प्रीहीट होतो. सकाळी हा प्रकार कमी, संध्याकाळी हमखास.

सर्व्हिसचा माणूस येऊन गेला. समोरूनच बघितलं, दोन बटणं दाबली आणि "मॅडम, बोर्ड गेला" म्हणाला. साडेतेरा हजार, वर व्हिजिट चार्ज, आणि बोर्ड मागवावा लागेल, तीन आठवडे धरून चला. नाताळच्या ऑर्डरी तोंडावर आल्यात. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, उगाच धागा तिकडे वळायचा. बोर्ड खरंच गेला असेल का, हे कसं ओळखायचं?

सौ_टके

साडेतेरा हजारांत चांगला मोठा ओटीजी (ओव्हन-टोस्टर-ग्रिल) येतो. साधे नॉबवाले घ्या, इलेक्ट्रॉनिक काही नकोच. माझा साधा ओटीजी मुंज होऊन लग्नाला आला, अजून चालतोय.

सुगरण_नाही

मधे लाइट गेली होती का? आमच्याकडे लाइट जाऊन आली की डिस्प्लेवर "ऑटो" लुकलुकायला लागतं आणि घड्याळ लावेपर्यंत ओव्हन ढिम्म हलत नाही. पहिल्यांदा झालं तेव्हा आम्हीही मेकॅनिकला बोलावलं. त्याने दोन बटणं एकदम दाबली, व्हिजिटचे पैसे घेतले आणि चहा पिऊन गेला. हाताच्या पंजाचं चिन्ह असलेलं बटण असेल तर तेच मॅन्युअल मोडचं.

लोणीपाव

सुगरण, ते मला माहीत आहे, घड्याळ बरोबर लावलेलं आहे. आणि घड्याळाचा घोळ असता तर प्रीहीटसुद्धा झालं नसतं ना?

सौ_टके, ओटीजीत माझा दोन किलोचा ट्रे मावत नाही हो.

सुगरण_नाही

हो, बरोबर. तुमचं वेगळं दिसतंय.

अंबडकर

ताई, पैसे भरू नका अजून. मी अंबडला एका कारखान्यात पॅनेल मेंटेनन्सला आहे. ओव्हन दुरुस्ती हा माझा धंदा नाही, पण सर्किट ओळखीचं आहे: तापमान सांगणारा सेन्सर, करंट जोडणारा-तोडणारा रिले, कॉइल, आणि या सगळ्यांवर मुकादमी करणारा बोर्ड. सर्व्हिसवाल्याकडे अख्खा बोर्ड बदलायचीच सोय असते. बोर्डावरचा एक पार्ट बदलायला त्याला ना परवानगी ना वेळ. त्याला नावं ठेवत नाही, पण बाकीचं काही न मोजता बोर्डावर ठपका ठेवणं म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी.

आधी एवढं सांगा. तापेनासा होतो तेव्हा रिलेचा "टक्" आवाज येतो का? दाराच्या वरच्या फटीतून गरम हवा बाहेर फेकणारा दुसरा पंखा असतो, तो फिरतो का, आणि कधी सुरू होतो? आणि हे फक्त पंखा-कॉइलवर होतं की वर-खालच्या कॉइलवर पण?

लोणीपाव

आज मुद्दाम कान देऊन ऐकलं. सुरुवातीला स्वच्छ "टक्" येतो. प्रीहीट झाल्यावर एकदा "टक्" होतो, तो बंद व्हायचा असावा. नंतर थर्मामीटरचं चिन्ह पुन्हा लुकलुकायला लागतं तेव्हा मात्र अगदी बारीक "चिक्" किंवा काहीच नाही. वरच्या फटीतला पंखा प्रीहीट होत आला की सुरू होतो आणि नीट फिरतो. सगळ्याच मोडवर होतंय.

अंबडकर

छान निरीक्षण केलंत. हा "चिक्" महत्त्वाचा आहे, त्यावर येतोच. पण आधी बाहेरच्या वस्तू एकेक करून मोकळ्या करू. घरात मल्टिमीटर हाताळणारं कोणी आहे का? नसेल तर नुसतं वाचून ठेवा आणि ओळखीच्या इलेक्ट्रिशियनकडून करून घ्या. ओव्हनचा एमसीबी (लाइन तोडणारा खटका) पाडून, टेस्टरने खात्री करून, मगच मागचं झाकण. नॉब बंद केला म्हणजे करंट बंद झाला असं धरायचं नाही, कित्येक ओव्हनमध्ये नॉब एकच वायर तोडतो.

कॉइल : वायरी काढून ओहम मोजायचे. हिशोब सोपा आहे, व्होल्टेजचा वर्ग भागिले वॅट. पंख्याभोवतीची गोल कॉइल २००० वॅटची असेल तर २६-२७ ओहम, १००० वॅटची वरची असेल तर ५३ च्या आसपास. तुटली असेल तर मीटर काहीच दाखवणार नाही. तुमचं प्रीहीट होतंय आणि सगळ्या मोडवर तोच त्रास आहे, म्हणजे कॉइल ठणठणीत असणार. तरी मोजा.

सेन्सर : आत मागच्या भिंतीतून किंवा कोपऱ्यातून बोटभर लांबीची स्टीलची कांडी डोकावते, तो. त्याचा कनेक्टर बोर्डावरून काढून मोजायचा, जोडलेला ठेवून मोजलात तर बोर्डाचा रेझिस्टन्स मिसळतो. बऱ्याच ओव्हनमध्ये पीटी १००० असतो. तो शून्य अंशाला बरोबर १००० ओहम आणि पुढे दर अंशाला पावणेचार-चार ओहमनी चढतो. १८० अंशांना १६८५ च्या जवळपास. काहींत पीटी ५०० असतो, तेव्हा सगळं निम्मं. काहींत एनटीसी, तो उलटा, तापला की उतरतो. कुठलाही असो, हेअर ड्रायरने कांडी तापवली की आकडा सावकाश, एकसारखा सरकला पाहिजे. मधेच उडी मारली तर आत कुठेतरी वायर तुटत आली आहे.

कटआउट : झाकणाखाली रुपयाएवढी चकती, दोन पिनांची. आत बायमेटल असतं. ओव्हनचं अंग फार तापलं की ती कॉइलची लाइन तोडते, आणि बोर्डाला याचा पत्ताच नसतो, डिस्प्लेवर सगळं आलबेल दिसत राहतं. तुमची लक्षणं ऐकून माझा पहिला संशय हिच्यावर होता. पण वरचा पंखा नीट फिरतोय म्हणता, तर ती पडायचं कारण दिसत नाही. गार असताना मोजलीत तर नेहमी चांगलीच दिसेल, त्यामुळे तापेनासा झाला की एमसीबी पाडून लगेच मोजायची. पत्रा तापलेला असतो, जाड हातमोजे घाला.

द्राक्षबाग

संध्याकाळी जास्त होतं म्हणताय तर व्होल्टेज बघा आधी. आमच्या दिंडोरीकडे मोटारी चालू झाल्या की १९० वर येतं. बायको म्हणते ओव्हन आळशी झाला. आळशी कसला, पोटालाच मिळत नाही त्याला.

अंबडकर

द्राक्षबाग, मुद्दा रास्त. कॉइलची ताकद व्होल्टेजच्या वर्गाने उतरते. २३० ला २००० वॅटची कॉइल १९० ला १३६५ वॅटच देते, म्हणजे एक तृतीयांश गेलीच. पण त्याने ओव्हन हळू तापेल, तापता तापता बंद पडणार नाही. ताईंचा बंदच पडतोय. अर्थात व्होल्टेज डाउन असताना हा दोष उठून दिसत असेल, त्यामुळे तेही मोजाच.

मीठभाकर

अवांतर : लहानपणी दिवाळीआधी नानकटाईचं सामान पत्र्याच्या डब्यातून बेकरीत घेऊन जायचो, तिथेच भट्टीत भाजून मिळायची. ना सेन्सर, ना बोर्ड. भट्टीवाला हात आत घालून सांगायचा, अजून पाच मिनिटं थांब. चालू द्या तुमचं.

सुगरण_नाही

मीठभाकर, आणि घरी येईपर्यंत डब्यातल्या निम्म्या फस्त!

लोणीपाव

रविवारी दीर आले होते, ते सातपूरला नोकरीला आहेत, मीटर त्यांच्याकडे असतोच. ओव्हन ओट्याखालून बाहेर ओढला, मागचं आणि वरचं झाकण काढलं.

गोल कॉइल २७ ओहम. सेन्सर ११०८. ड्रायर लावल्यावर आकडा चढत गेला, कुठे अडखळला नाही. मग झाकण तात्पुरतं बसवून ओव्हन चालू केला, तापेनासा होईपर्यंत थांबलो, एमसीबी पाडून कटआउट मोजली, ती जोडलेलीच होती. संध्याकाळी सातला प्लगवर २०५ व्होल्ट.

आता?

अंबडकर

११०८ म्हणजे साधारण २८ अंश, तुमच्या स्वयंपाकघराचंच तापमान झालं. सेन्सर पीटी १००० आहे आणि खरं बोलतोय. कॉइल बरी, कटआउट बरी. म्हणजे बोर्ड सेन्सरचं ऐकून रिलेला "लाग" म्हणतोय आणि रिले लागत नाहीये. तुमचा "चिक्" तोच. एक तर रिलेच्या पिनांचा डाग (सोल्डरचा सांधा) सुटलाय, नाहीतर रिलेच्या आतल्या छोट्या कॉइलला पुरेसा करंट मिळत नाहीये. यापुढे बोर्डाच्या पोटातलं काम, ते आपल्याकडच्या जाणकारांनी सांगावं. जुना_रेडिओ काका, आहात का?

सौ_टके

म्हणजे शेवटी बोर्डच गेला की हो!

जुना_रेडिओ

आहे, वाचतोय. सौ_टके, बोर्ड गेला आणि बोर्डावरचं काहीतरी गेलं यात साडेतेरा हजारांचा फरक आहे.

लोणीपाव, मला एकच सांगा. ओव्हन चालू करून खोलीतला दिवा मालवा आणि डिस्प्लेच्या हिरव्या आकड्यांकडे बघत राहा. टक् होतो त्या क्षणी आकडे किंचित मंद होतात का? आणि वरचा पंखा सुरू झाल्यावर आणखी मंद?

लोणीपाव

काका, होतात! पंखा सुरू झाल्यावर तर इतके मंद की शेवटचा शून्य नीट दिसत नाही. डिस्प्ले जुना झालाय म्हणून असेल असं वाटायचं. आणि ज्या वेळी "चिक्" होतो तेव्हा आकडे एकदा लपकन् जाऊन येतात.

जुना_रेडिओ

मग फार शोधायला नको. नाशिकरोडला माझं टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं, आता बंद केलंय, पण असले बोर्ड खूप उघडलेत. सविस्तर सांगतो, पुढे कोणाला तरी उपयोग होईल.

अशा बोर्डात बहुतेक वेळा ट्रान्सफॉर्मर नसतो. २३० व्होल्टची लाइन थेट एका चौकोनी कॅपॅसिटरमधून (दुकानात कंडेन्सर म्हणतात तोच) घेतात, रंगाने पिवळा, राखाडी किंवा निळा. त्यातून जेवढा करंट झिरपेल तेवढा पुढे डायोड आणि झीनर (व्होल्टेज ठरावीक पातळीवर धरणारा डायोड) लावून २४ व्होल्ट डीसी करतात. रिले त्यावर चालतात, प्रोसेसरला आणि डिस्प्लेला त्यातूनच. स्वस्त आणि सुटसुटीत. पण एकूण करंट किती मिळणार हे त्या एका कॅपॅसिटरवर ठरतं. ०.६८ मायक्रोफॅरडचा असेल तर आपल्या ५० हर्ट्झच्या लाइनवर जेमतेम ४९ मिलिअँपिअर. २४ व्होल्टचा एक रिले साधारण १७ खातो. कॉइलचा एक आणि वरच्या पंख्याचा एक धरला की ३४ गेले, उरलेल्यात बाकीचा संसार. नवा असताना पुरतं.

हा कॅपॅसिटर हळूहळू झिजतो. आत प्लास्टिकच्या फिल्मवर धातूचा अतिशय पातळ थर असतो. लाइनवर झटका आला की फिल्मला बारीक भोक पडतं आणि भोकाभोवतीचा धातू जळून उडून जातो. ही मुद्दाम केलेली सोय आहे, त्यामुळे तो शॉर्ट होऊन पेट घेत नाही. पण दर झटक्याला थोडा थर कमी, थोडी क्षमता कमी. दमट हवा आत शिरली की थर आणखी खाल्ला जातो. आणि ओव्हनचं घड्याळ चोवीस तास चालू, म्हणजे याला सुट्टी नाहीच. काही वर्षांनी तो निम्म्यावर येतो. फुगत नाही, काळा पडत नाही, दिसायला नवाकोरा. म्हणून नुसतं बघून कोणालाच कळत नाही.

आता तुमची कथा लावून बघा. सुरुवातीला फक्त कॉइलचा रिले लागतो, एकट्यापुरता करंट आहे, प्रीहीट होतं. तोवर पंख्याचा रिले लागतो. तापमान झालं, कॉइलचा रिले सुटला. पुन्हा लागायची वेळ येते तेव्हा पंखा आधीच आपला वाटा घेऊन बसलाय. गच्चीवरच्या टाकीचा कॉक अर्धा बंद असावा आणि खाली एक नळ चालू असताना दुसरा सोडावा, तसं होतं. रिले धड लागत नाही, नुसता चिक् करतो. संध्याकाळी २०५ व्होल्ट, म्हणजे करंट आणखी कमी. शिवाय बोर्ड तापला की रिलेच्या तांब्याच्या तारेचा रेझिस्टन्स वाढतो आणि त्याला ओढायला व्होल्टेज जास्त लागतं. सगळं एका दिशेने.

अंबडकर

काका, दंडवत. मी रिलेचा डाग म्हणून बसलो असतो.

जुना_रेडिओ

डागही बघाच, तो पुढचा मुद्दा आहेच. रिलेच्या जाड पिनांभोवती सोल्डरमध्ये केसाएवढी गोल भेग पडते, तापून-गार होऊन. भिंगातून दिसते. बोर्ड उघडलाच आहे तर जुनं सोल्डर ओढून काढून नवीन डाग द्यायचे. नुसतं वरून गरम करून सोडलं तर चार महिन्यांत परत तेच.

आता धोक्याचं, हे वाचल्याशिवाय कोणी स्क्रूड्रायव्हर उचलू नये. या प्रकारच्या बोर्डावर "२४ व्होल्ट" लिहिलेला भागसुद्धा मेन लाइनशी थेट जोडलेला असतो, मधे ट्रान्सफॉर्मर नाही. चालू असताना डिस्प्लेच्या बाजूला बोट लागलं तरी २३० चा झटका. म्हणून चालू बोर्डावर मोजायच्या भानगडीत पडू नका. एमसीबी पाडायचा, बोर्ड काढायचा, कॅपॅसिटरच्या पायांवर काही क्षण हजारभर ओहमचा रेझिस्टन्स धरायचा, एक पाय सोडवायचा आणि मीटरच्या कॅपॅसिटरच्या रेंजवर मोजायचा. अंगावर ६८४ लिहिलं असेल तर ०.६८, ४७४ असेल तर ०.४७ मायक्रोफॅरड. लिहिलेल्यापेक्षा दहा टक्के इकडेतिकडे चालतं, त्याहून खाली गेला असेल तर बदला.

लोणीपाव

काका, दिरांनी आज बोर्ड काढला. ६८४ च आहे, आणि मीटरवर ०.३१!! त्यांनी दोनदा मोजून बघितलं. रिलेच्या एका पिनेभोवती भेग पण आहे, फोटोत नीट येत नाही.

ते एमजी रोडवर एका दुकानात गेले तर दुकानदार म्हणतो हा नाही, फॅनचा कंडेन्सर लावा, तो जास्त मजबूत. अडीच मायक्रोफॅरडचा. लावू का?

जुना_रेडिओ

अजिबात नाही! अडीच म्हणजे मूळच्या जवळजवळ चौपट करंट, झीनर पहिल्या मिनिटात जळेल आणि त्याच्या मागोमाग प्रोसेसर. मग साडेतेरा हजार खरोखरच भरावे लागतील.

मागायचं ते असं : एक्स-टू क्लास (थेट मेन लाइनवर लावायचा प्रकार), ०.६८ मायक्रोफॅरड, २७५ किंवा ३०५ व्होल्ट एसी, आणि पायांमधलं अंतर जुन्याशी जुळलं पाहिजे. अंगावर एक्स-टू छापलेलं असतंच. "४०० व्होल्ट" लिहिलेला साधा पॉलिएस्टर देतील, तो डीसीचा असतो, लाइनवर कायम ठेवायचा नाही. नाशिकमध्ये नाही मिळाला तर मुंबईच्या लॅमिंग्टन रोडहून कोणी येणार असेल त्याला सांगा, नाहीतर ऑनलाइन. जवळच २५ किंवा ३५ व्होल्टचा उभा गोल इलेक्ट्रोलिटिक कॅपॅसिटर असेल, तोही त्याच व्होल्टचा आणि मायक्रोफॅरडचा, १०५ अंशांचा बघून बदला. त्याच्या अंगावरची पट्टी म्हणजे निगेटिव्ह, उलटा लावू नका.

कॉलेजरोडवरचा

मधेच घुसतो. आमच्या ओव्हनचा त्रास वेगळा आहे. पावसाळ्यात पहिल्यांदा लावला की घराचा आरसीसीबी (करंट गळला की लाइन तोडणारा स्विच) पडतो. एमसीबी नाही, आरसीसीबी. उन्हाळ्यात कधी होत नाही. हा पण बोर्डच का?

अंबडकर

नाही, तुमचा बोर्ड निर्दोष आहे. कॉइलच्या नळीत मॅग्नेशियम ऑक्साइडची पांढरी पूड ठासलेली असते. ओव्हन महिनोन्महिने वापरला नाही आणि हवा दमट असली की टोकांतून ओल आत जाते, मग कॉइलचा करंट थोडा पत्र्याकडे गळतो. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी तेवढ्यावर पडणारच, त्यासाठीच तो आहे. कुठल्या मोडवर पडत नाही ते शोधा. समजा खालच्या कॉइलवर पडतो आणि वरच्यावर नाही, तर वरची एकटी १००-१२० वर अर्धा तास चालवा. त्या उष्णतेने खालची वाळते आणि बहुतेक वेळा काम होतं. तरी पडत राहिला तर कॉइल बदला. आरसीसीबी काढून थेट जोडून देणारे महाभाग भेटतील, त्यांना दारातूनच परत पाठवा.

सुगरण_नाही

माझ्या बहिणीकडे टचवाला आहे. हात न लावता आपोआप बीप-बीप करतो, टेम्परेचर स्वतःच बदलतं. तिची सासू म्हणते नजर लागली.

अंबडकर

टच काचेमागे बोटाची अतिशय सूक्ष्म विद्युत चाहूल ओळखणारं सर्किट असतं. काचेवर वाफ किंवा तुपाचा हात लागला की त्याला ते बोटच वाटतं. आधी मेन बंद करून काच कोरड्या मऊ फडक्याने पुसा, दार उघडून वाफ जाऊ द्या. मग अर्थिंग तपासा. प्लगची तिसरी पिन नुसती शोभेची असेल तर आतल्या फिल्टरमुळे ओव्हनच्या पत्र्यावर ११५ व्होल्टच्या आसपास दिसतं, हात लावला की मुंग्या येतात आणि टच सैरभैर होतो. पत्र्याला टेस्टर लावून बघा. पेटला तर बहिणीला सांगा, ओव्हन राहू दे, आधी घराचं अर्थिंग.

मीठभाकर

ही सगळी माहिती मायक्रोवेव्हलाही लागू आहे का? माझाही रुसलाय, उघडून बघावा म्हणतो.

जुना_रेडिओ

मीठभाकर, उघडू नका. मायक्रोवेव्हमधला मोठा कॅपॅसिटर दोन हजार व्होल्टच्या वर चालतो आणि प्लग काढल्यावरही त्यात जीव घेण्याइतका चार्ज उरू शकतो. दारात सहसा तीन स्विच असतात, त्यांच्याशी खेळलं तर किरणं बाहेर. बाहेरून एवढंच बघा : चाइल्ड लॉक लागलाय का, दार नीट बसतंय का, प्लग काळा पडलाय का. त्यापुढे माहीतगार माणूस.

लोणीपाव

मंडळी, कॅपॅसिटर आला! दिरांच्या कंपनीतले एक जण मुंबईला गेले होते, त्यांनी आणला. दोन्ही कॅपॅसिटर मिळून शंभराच्या आत. दिरांनी ते बदलले आणि रिलेच्या सगळ्या पिनांना नवीन डाग दिले. डिस्प्ले असा लखलखीत झालाय की मी घेतला तेव्हा असाच होता का, आठवत नाही. काल संध्याकाळी, २०८ व्होल्ट असताना, रिकामा ओव्हन दीड तास १८० वर चालवला. दर वेळी खणखणीत टक्.

एक शंका. आतला थर्मामीटर कधी १७० दाखवतो, कधी १९२. हे ठीक आहे का? केकला चालेल?

जुना_रेडिओ

झकास! दिरांना माझा नमस्कार सांगा.

इतकं खालीवर होणारच. १८० ला रिले सुटतो, पण लाल झालेली कॉइल थोडी उष्णता देतच राहते. पुन्हा लागल्यावर तापायला वेळ घेते. चार-पाच फेऱ्यांची सरासरी काढा, ती १८० च्या आसपास असली की झालं.

सुगरण_नाही

लोणीपाव, थर्मामीटरवरच विश्वास नसेल तर साखरेने बघ. साखर १८६ अंशांच्या आसपास वितळते. वाटीत चमचाभर साखर, ओव्हन १७५ ला पंधरा मिनिटं, साखर पांढरीच राहिली पाहिजे. मग नवीन साखर घेऊन १९५ ला, ती वितळायला लागली पाहिजे. मी दर वर्षी दिवाळीआधी करते. (ओव्हन बिघडला की कळतं, मी बिघडवलेलं कळत नाही.)

सौ_टके

मान्य, शंभर रुपयांत काम झालं. पण सगळ्यांचे दीर सातपूरला नसतात.

अंबडकर

हे खरं आहे. म्हणून धाग्याचा उपयोग इतकाच करा की सर्व्हिसवाल्याला दोन प्रश्न विचारा : सेन्सर किती ओहम आला, आणि बोर्डाला कॉइलपर्यंत करंट सोडता येतोय का हे मोजलं का. मोजलेला आकडा सांगता आला तर त्याचं ऐका. आणि जुने टीव्ही-इन्व्हर्टर दुरुस्त करणारे अजून गल्लीबोळांत बसलेत. बोर्ड काढून त्यांच्या हातात दिला तर कॅपॅसिटर मोजणं हे त्यांचं रोजचं काम आहे.

निफाडची_मिरची

नवीन सदस्य आहे, धागा आत्ता वाचला. आमचं नेमकं उलटं आहे. टायमर संपला, डिस्प्ले बंद दाखवतो, पण ओव्हन तापतच राहतो. नॉब शून्यावर आणला तरच थांबतो. बिस्किटं दोनदा कोळसा झाली. चालवत राहू का तोवर?

जुना_रेडिओ

नका चालवू. रिलेचे आतले पॉइंट एकमेकांना चिकटलेत, ठिणग्या उडून वितळून. बोर्ड "सूट" म्हणतोय आणि रिले सुटत नाही. सध्या तुमच्या आणि आगीच्या मधे फक्त ती रुपयाएवढी कटआउट आहे. एमसीबी आत्ता पाडा. रिले बदलून घ्या, त्याच्यावर छापलेलं रिलेच्या कॉइलचं व्होल्टेज तेच असलं पाहिजे आणि पॉइंट १६ अँपिअरचेच, १० चा स्वस्त मिळाला तरी नको. आणि कटआउटही मोजून घ्या.

निफाडची_मिरची

पाडला. रिलेवर २४ व्होल्ट आणि १६ ए लिहिलेलं आहे का ते उद्या झाकण काढल्यावर सांगते. लग्नाला चार वर्षं झाली, आमच्या ह्यांना आज पहिल्यांदा कळलं की ओव्हनचा एमसीबी कुठला.